गजराचा आकडा कोणी ठरवायचा?

आमच्या शहापूर-मुरबाड भागातली पुष्कळ मुले आय.टी.आय. करून आसनगावच्या किंवा मुरबाडच्या कारखान्यांत कामाला लागतात. अशाच एका माजी विद्यार्थ्याने मला त्याचे यंत्र दाखवले. प्लॅस्टिकचा दाणा वितळवणाऱ्या नळीभोवती विजेचे हीटर बसवलेले होते. तापनियंत्रकावर हीटर तुटल्याचा गजर होता; पण त्याचा आकडा शून्यावर नेऊन तो बंद केलेला. "सर, रोज संध्याकाळी उगाच वाजतो," तो म्हणाला.

दोष मुलाचा, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. आकडा हिशेब न करता ठरवला, हा खरा दोष.

मुळात हा गजर हवा कशाला? तापमान तर नियंत्रक पाहतोच! पण लग्नघरी मोठ्या पातेल्याखाली तीन चुली असाव्यात आणि एक विझावी, तसे येथे होते. उरलेल्या दोन जास्त वेळ जळतात, भात शिजतो. पण एका बाजूला कच्चा राहतो. तापमापक जेथे आहे तेथले तापमान बरोबर दिसते आणि बिघाड लपून राहतो. प्रवाह मात्र खोटे बोलत नाही. म्हणून हीटरची तार एका कड्यासारख्या प्रवाह-रोहित्रातून नेतात आणि प्रवाह मोजतात. अर्थात, हीटर चालू असतानाच. नाहीतर बंद काळातला शून्य प्रवाहही बिघाड वाटेल.

आता हिशेब करू. २३० व्होल्टवर २ किलोवॅटचा हीटर ८.७ अँपियर घेतो. असे तीन समांतर जोडले की २६.१, एक तुटला की १७.४. मधला आकडा सुमारे २२. कोणीही हाच लावील. पण संध्याकाळी दाब १९० व्होल्टवर आला तर? ओहमने १८२७ साली मांडलेल्या नियमानुसार प्रवाहही त्याच प्रमाणात घटून २१.६ होईल. तिन्ही हीटर शाबूत, तरी गजर वाजेल! 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट तुम्हांला ठाऊक आहेच.

मग दाब आधी मोजावा. तो १९० ते २४४ व्होल्ट असा हलतो असे धरू. शाबूत संचाचा किमान प्रवाह २१.६, तर तुटलेल्या संचाचा कमाल प्रवाह १८.५. आकडा या दोहोंच्या मध्ये हवा, म्हणजे २०. एवढ्यानेच खोटा गजर थांबेल.

हीटर दहा असतील तर? एक तुटल्यास प्रवाह १० टक्केच घटतो. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी अशा पुरवठ्याला ६ टक्के चढउताराची मुभा दिली होती. तेवढ्यातही शाबूत संच ९४ टक्क्यांवर उतरतो आणि तुटलेला ९५ टक्क्यांवर चढतो. येथे कोणताच आकडा चालणार नाही. हीटरांचे लहान गट करून प्रत्येकाला वेगळे कडे द्यावे लागेल.

उलटा बिघाडही असतो. इलेक्ट्रॉनिक स्विच आतून चिकटला, तर नियंत्रकाने 'बंद' म्हटले तरी प्रवाह वाहतच राहतो. त्यासाठी बंद काळातल्या प्रवाहाचा वेगळा गजर लागतो. आणि नुसते वाजणे पुरेसे नाही, त्याने दुसऱ्या, स्वतंत्र स्विचमार्फत वीज तोडली पाहिजे.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. घरच्या विजेला हात न लावता हा प्रयोग वर्गात करावा. टॉर्चचे चार सेल एकापुढे एक जोडा आणि अर्ध्या वॅटचे १०० ओहमचे तीन रोधक समांतर लावा. प्रवाह सुमारे १८० मिलिअँपियर येईल. एक रोधक काढल्यास १२०. आता रोधक परत लावून एक सेल काढा: १३५. गजर १५० वर असता तर तो वाजला असता की नाही? मुलांनाच विचारा.

ओहमचा नियम आपण परीक्षेत पाच गुणांसाठी लिहून घेतो. उद्या ज्याच्या हाती तो आकडा असणार आहे, त्याला नियमाबरोबर आकडा ठरवायलाही शिकवले पाहिजे. एरवी गजर पुन्हा शून्यावर जाईल, आणि खरा लांडगा येईल त्या दिवशी कोणीच ओरडणार नाही.