खिशातील कान

भिंतीलाही कान असतात, असे जुनी माणसे सांगत. त्या काळी गुप्त काही बोलावयाचे झाल्यास घरापासून दूर, शेताच्या बांधावर जाण्याची सोय तरी होती. हल्लीचा मनुष्य बांधावर जातानाही मोबाइल फोन खिशात घेऊन जातो. या यंत्रात ऐकण्यासाठी मायक्रोफोन, पाहण्यासाठी कॅमेरा व मालक कोठे आहे हे सांगणारी व्यवस्था, अशी तिन्ही साधने मुळातच बसविलेली असतात. हेराला नवे काही आणावे लागत नाही. मालकाची साधने आपल्या सेवेस जुंपली की त्याचे काम झाले.

२०१६ च्या ऑगस्ट महिन्यातील एक घटना या दृष्टीने मननीय आहे. संयुक्त अरब अमिरातीत अहमद मन्सूर हे गृहस्थ मानवी हक्कांसाठी झगडत असत. १० तारखेस त्यांच्या आयफोनवर एक संदेश आला. तेथील तुरुंगांत होणाऱ्या छळाची नवी गुपिते सोबतच्या दुव्यावर मिळतील, असा त्याचा आशय होता. दुसऱ्या दिवशी तसाच आणखी एक संदेश आला. ज्याने छळाविरुद्ध आवाज उठविला, त्याला याहून मोठा मोह कोणता असणार? आमिष निवडले होते ते लोभाचे नव्हे, तर त्यांच्या कळकळीचे. परंतु मन्सूर यांच्यावर पूर्वीही असे प्रयोग झाले होते. त्यांनी दुव्यास स्पर्श न करता ते संदेश टोरांटो विद्यापीठातील सिटिझन लॅबच्या संशोधकांकडे धाडले. दुवा उघडला असता तर इस्राएलमधील एनएसओ ग्रुप या कंपनीचे ‘पेगासस’ हे हेरतंत्र फोनमध्ये शिरले असते व फोनजवळ चाललेले बोलणेही ऐकू शकले असते, असे तपासात आढळले. त्यासाठी आयफोनच्या प्रणालीतील तीन उणिवांचा उपयोग केलेला होता. ॲपल कंपनीने २५ ऑगस्ट रोजी सुधारित प्रणाली दिली आणि एका माणसाच्या संयमामुळे जगभरच्या असंख्य फोनांची दारे बंद झाली. स्वतः मन्सूर यांना मात्र २०१७ साली अटक व २०१८ साली दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

सामान्य माणसावर एवढे महागडे तंत्र सहसा कोणी वापरीत नाही. त्याच्या फोनमध्ये हेर शिरतो तो बहुधा त्याच्याच अनुमतीने. विजेरीचे ॲप मायक्रोफोन व परिचितांची यादी मागते आणि मालक न वाचताच ‘होय’ म्हणतो. उजेड पाडण्यास कान कशाला हवेत, हा साधा प्रश्नही त्याच्या मनात येत नाही. कुलूप न लावलेला फोन क्षणभर दुसऱ्याच्या हाती गेला, तरी त्यात नको ते ॲप बसविता येते. प्रणालीच्या सुधारणा वेळच्या वेळी न घेणे, हाही याच निष्काळजीपणाचा एक प्रकार.

‘आपल्याजवळ लपविण्यासारखे आहे तरी काय?’ असे पुष्कळजण म्हणतात. या म्हणण्यात प्रामाणिकपणा असेल, विचार नाही. फोनमध्ये केवळ मालकाच्या गोष्टी नसतात. मित्राने विश्वासाने सांगितलेले दुःख, बहिणीच्या आजाराचे कागद, शेजाऱ्याच्या अडचणीचा निरोप, हे सारे तेथेच असते. ती दुसऱ्यांची ठेव आहे. ती उघडी टाकण्याचा अधिकार मालकास नाही.

तथापि सर्व भार एकट्या मालकावर टाकणेही न्याय्य नव्हे. व्हॉट्सॲपवर आलेला कॉल न उचलताही पेगासस फोनमध्ये शिरू शकत असे, हे २०१९ साली उघडकीस आले. तेथे सावधगिरी काय करणार? तेथे कायदाच हवा. टेलिफोनवरील संभाषण चोरून ऐकणे हा खाजगीपणावरील आघात आहे, असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले. आणि २०१७ साली नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणास मूलभूत हक्क मानले. १९९६ च्या निकालाने ऐकण्याची आज्ञा गृहसचिवांच्या हाती व तिची छाननी वरिष्ठ सचिवांच्या समितीकडे दिली. म्हणजे आज्ञा देणारेही शासनाचे आणि तपासणारेही शासनाचे. ही छाननी न्यायाधीशांकडे सोपविणे अधिक उचित होय. कारण ज्याचे बोलणे ऐकले जाते, त्यास त्याचा पत्ताही नसतो व म्हणून तो स्वतः दाद मागू शकत नाही.