आधी कपाटाचे तापमान

पोलोक्झामर ४०७चे अठरा-वीस टक्के द्रावण फ्रीजमध्ये पाण्यासारखे वाहते आणि अंगाच्या उबेने घट्ट बसते. आपल्यापैकी बहुतेकांनी एम. फार्म.च्या काळात हे एकदा तरी करून पाहिले आहे. टेस्ट ट्यूब वॉटर बाथमध्ये धरायची, तापमान हळूहळू वाढवायचे, आणि नळी आडवी केल्यावर आतला द्रव हलेनासा झाला की आकडा वहीत टिपायचा. औषध नाकासाठी असेल आणि आकडा ३२ ते ३४ अंशांच्या आसपास आला, तर मार्गदर्शक खूश. नाकाच्या अस्तराचे तापमान तेवढेच असते. बेळगाव-निपाणीच्या फार्मसी कॉलेजांत आणि पलीकडे कोल्हापूर-सांगलीतही हा विषय प्रबंधांसाठी आवडीचा आहे, कारण साहित्य स्वस्त, उपकरणे साधी आणि निकाल डोळ्यांना दिसणारा.

पण ३२ अंशांना घट्ट होणारे हे औषध एप्रिल महिन्यात निपाणीत ठेवायचे कुठे? दुपारी पारा पस्तिशी ओलांडतो. दुकानाच्या कपाटात, उपकेंद्राच्या पत्र्याखालच्या खोलीत, महामार्गावर उन्हात उभ्या असलेल्या पार्सलच्या गाडीत ते रुग्णापर्यंत पोहोचण्याआधीच बसलेले असते. पोलोक्झामरचे एक बरे, गार केले की ते पुन्हा पातळ होते. पण फवाऱ्याच्या बाटलीत घट्ट झालेल्या औषधाचा पंप कितीही दाबला तरी काही येत नाही, आणि रुग्णाच्या लेखी ते औषध बिघडलेले असते. निलंबन असेल तर दर वेळी घट्ट-पातळ होताना कण कुठे जमतात आणि मात्रा सारखी राहते का, हेही तपासावे लागेल.

हा प्रश्न नुसत्या साठवणुकीचा नाही, तो सूत्रातच दडलेला आहे. पोलोक्झामरच्या साखळीची दोन्ही टोके पाण्याला धरून राहणारी, तर मधला पॉलिऑक्सिप्रोपिलीनचा भाग ऊब लागताच पाणी सोडणारा. हे मधले भाग एकमेकांकडे वळतात, मायसेल तयार होतात, आणि त्यांची दाटी पुरेशी झाली की सगळे द्रावण जागच्या जागी थांबते. अर्व्हिंग श्मोल्का यांनी १९७२ साली भाजलेल्या त्वचेवर लावण्यासाठी असे जेल सुचवले, तेव्हापासून त्याचा गुण आणि दोष दोन्ही ठाऊक आहेत. ते बसते चटकन, पण चिकटत नाही, आणि पाणी मिळाले की विरघळते. नाकातल्या सूक्ष्म रोमांना आतला थर मागे ढकलायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. म्हणून आपण कार्बोपॉल, एचपीएमसी किंवा कायटोसान मिसळतो. चिकटपणा येतो, पण बहुधा घट्ट होण्याचे तापमान खाली घसरते. औषधाचा क्षार आणि परिरक्षक आपापला हिशेब मांडतात तो वेगळाच. तापमान वर आणायला पोलोक्झामर कमी करावे, तर डोळ्यात किंवा नाकात पातळ झाल्यावर जेल धरतच नाही.

त्यामुळे या औषधाला घट्ट होण्याचे एकच तापमान नसते. बाटलीतले एक, आणि शरीरातल्या द्रवात मिसळल्यानंतरचे दुसरे. डोळ्याच्या थेंबासाठी प्रयोगशाळेत ४० भाग औषधाला ७ भाग कृत्रिम अश्रू मिसळून हे दुसरे तापमान पाहतात. बाटलीत पातळ राहिले पाहिजे आणि डोळ्यात, चौतीस-पस्तीस अंशांना, पातळ होऊनही बसले पाहिजे. या दोन अटींमध्ये काही अंशांचाच वाव असतो. जिथे दुकान पंचवीस अंशांच्या आत राहते तिथे तो पुरतो. आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी कपाट डोळ्यापेक्षा गरम असते, म्हणजे वाव उरतच नाही.

स्थिरतेच्या चाचण्यांत हे झाकले जाते. भारतासाठी दीर्घकालीन चाचणी ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला, तर जलद चाचणी ४० अंश आणि ७५ टक्क्यांना होते. या जलद चाचणीत आपले औषध सहा महिने जेलच्या रूपात उभे असते. आपण तपासतो एक अवस्था आणि रुग्णाला देतो दुसरी. तरीही तक्त्यात ‘स्वरूपात बदल नाही’ असे लिहिलेले आढळते. नळीत थिजलेले औषध समोर धरून ही ओळ कशी लिहिता येते, हे आम्हाला अजून उमगलेले नाही.

परदेशात यातून वाट निघाली ती फ्रीजच्या भरवशावर. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि पोलोक्झामरचे ओटिप्रिओ २०१५मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, ते मुलांच्या कानात नळी बसवतानाच्या शस्त्रक्रियेसाठी. मूत्रपिंडाच्या पोकळीत सोडायचे मायटोमायसिनचे जेलमायटो २०२०मध्ये मंजूर झाले. तेही गार असताना आत सोडायचे आणि आत गेल्यावर घट्ट होऊ द्यायचे. दोन्हीकडे शीतपेटी हाताशी आणि मात्रा डॉक्टरांच्याच हातून. रुग्णाने घरी नेऊन पंधरा दिवस वापरण्याचे औषध यांपैकी एकही नाही. आपले प्रबंध मात्र बहुतेक घरी वापरण्याच्या औषधांवर असतात.

औषध कुठे ठेवले जाणार याचा आधी विचार करण्याचे उदाहरण बेळगावला बाहेर शोधायची गरज नाही. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवायला ऑक्सिटोसिन उत्तम, पण ते २ ते ८ अंशांत ठेवावे लागते आणि टोचावे लागते. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या वापरून पाहिल्या. १६२० स्त्रिया, औषध देणाऱ्या सहायक परिचारिका, आणि प्रसूती घरी किंवा उपकेंद्रात. रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २००६मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. मिसोप्रोस्टॉल हे ऑक्सिटोसिनपेक्षा सरस औषध नव्हे. रुग्णालयात आजही ऑक्सिटोसिनलाच पसंती आहे. पण परिचारिकेच्या पिशवीत टिकेल असे ते होते. पुढे उष्णतेत टिकणाऱ्या कार्बेटोसिनची दहा देशांत, २९ हजारांहून अधिक स्त्रियांवर चाचणी झाली. त्या चाचणीतही बेळगावचा सहभाग होता आणि तिचे निष्कर्ष २०१८मध्ये आले. दोन्ही ठिकाणी औषध कुणाच्या हाती आणि कोणत्या पिशवीत असेल, हा प्रश्न आधी विचारला गेला होता.

हाच प्रश्न जेलला विचारला तर कामाची वाटणी आपोआप होते. निपाणी तंबाखूची पेठ आहे. गुटखा-सुपारीने तोंडाचे अस्तर आखडलेले रुग्ण, किरणोपचारानंतर तोंड सोललेले रुग्ण आणि हिरड्यांत पोकळ्या झालेले रुग्ण या भागातल्या दंतवैद्यांना नवे नाहीत. हिरडीच्या पोकळीत बारीक सुईने सोडायचे जेल दंतवैद्याच्या फ्रीजमध्ये राहू शकते, तिथे त्याच्याच हाताने जाते आणि आत बसते. उष्णतेने घट्ट होणारे जेल इथे अगदी योग्य. तोंडाच्या उघड्या अस्तरावर मात्र दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ वाहते. तिथे विरघळणाऱ्या जेलपेक्षा चिकटणारी पातळ पट्टी बरी, आणि ती पिशवीतही टिकते. डोळ्यासाठी जेलन गम आहेच. ते अश्रूंतल्या क्षारांनी घट्ट होते, खोली तीस अंशांची असो की अडतीस. टिमोलॉलचे असे थेंब कित्येक वर्षांपासून बाजारात आहेत. मग आपल्या प्रबंधांत पोलोक्झामरच इतके का, याचे उत्तर बहुधा मागच्या वर्षीच्या प्रबंधात सापडेल.

चिकटणाऱ्या पदार्थांपैकी चिंचोक्यांविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे. धनगरांची घोंगडी चिंचोक्याच्या खळीने कडक होते आणि कापडाच्या सुतालाही ही खळ चालते. या खळीतला झायलोग्लुकान श्लेष्म्यातल्या म्युसिनसारखी रचना असलेला, त्यामुळे अस्तराला सहज धरणारा. त्यातले गॅलॅक्टोज विकराने काही प्रमाणात काढून टाकले की नुसत्या एक-दोन टक्के द्रावणाचेही ऊब मिळताच जेल बनते. पोलोक्झामर अठरा टक्के लागते, हे लक्षात घ्यावे. जपानी संशोधकांनी १९९०च्या दशकात यावर बरेच काम केले. पण हुरळून जायला नको. ४४ टक्के गॅलॅक्टोज काढलेला झायलोग्लुकान बावीस ते सत्तावीस अंशांनाच घट्ट होतो, म्हणजे आपल्याकडे तो पोलोक्झामरच्याही आधी बाटलीत बसेल. गॅलॅक्टोज न काढलेला, उष्णतेशी देणेघेणे नसलेला झायलोग्लुकान युरोपात कोरड्या डोळ्यांच्या थेंबांत वापरला जातो, आणि आपल्या कपाटासाठी तोच अधिक आश्वासक वाटतो. बाजारातल्या चिंचोक्याच्या पिठात प्रथिने आणि तेल असते. ते काढून, प्रत्येक खेपेची चिकटण्याची ताकद एकसारखी मिळते का, हे पाहणे हाच एका चांगल्या प्रबंधाचा विषय होईल. दिसायला रटाळ, पण उद्योगाला हवे असते ते नेमके हेच.

चिकटपणाच्या मोजमापाबद्दलही बोलावे लागेल. मेंढीच्या नाकाचे अस्तर, तराजूचा काटा, आणि वेगळे करायला लागलेले बल डाइनमध्ये. जेल किती वेळ दाबून ठेवले, किती वजनाने, अस्तर कत्तलखान्यातून आणल्यावर किती तास गेले, यावर तो आकडा दुप्पट-तिप्पट बदलतो, आणि नेमके हेच लेखांत सापडत नाही. त्यामुळे बेळगावच्या एका प्रयोगशाळेचा आकडा कोल्हापूरच्या दुसरीशी ताडून पाहता येत नाही.

पुढच्या अंकापासून या मासिकात जेलवरच्या लेखांसाठी काही माहिती बंधनकारक असेल. घट्ट होण्याचे तापमान शरीरद्रवात मिसळण्याआधीचे आणि नंतरचे, मिसळण्याच्या प्रमाणासह. ४० अंशांवर ठेवून पुन्हा गार केल्यानंतरची, आणि हेच अनेकदा केल्यानंतरची, प्रवाहिता व मात्रेची समानता. चिकटण्याच्या चाचणीत दाब, वेळ आणि ऊतीचे वय. औषध फ्रीजशिवाय चालणार नसेल तर तसे सारांशातच स्पष्ट लिहावे; तेवढ्यासाठी लेख परत जाणार नाही. आणि चाळीस अंशांना फसलेल्या सूत्रांचे आकडेही पाठवावेत. यशस्वी सूत्रांइतकीच पाने त्यांच्यासाठी राखून ठेवली आहेत.