जिगावची मुदत आणि कराराची कलमे

नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवर उभा राहत असलेल्या जिगाव प्रकल्पाचा मूळ खर्च नव्वदीच्या दशकात ४०० कोटी रुपयांच्या आत धरला होता. पुढे तो १३ हजार कोटींच्या वर गेला. महागाई आणि २०१३ चा भूसंपादन कायदा ही कारणे खरीच. परंतु तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. २००९ साली विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाने अवघ्या सात महिन्यांत ३८ प्रकल्पांचा खर्च ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर नेला, तेव्हा तो कायदा झालेलाही नव्हता. वडनेरे समिती, चितळे यांचे विशेष तपास पथक, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग असा चौकशीचा प्रवास झाला आणि चर्चा, अपेक्षेप्रमाणे, पुढाऱ्यांभोवती फिरत राहिली. करारनामा उघडून पाहण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही.

राज्यातील सरकारी बांधकामांसाठी वर्षानुवर्षे चालत आलेला ब-१ नमुना या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. त्याचे दुसरे कलम सांगते की, पाव मुदत सरताना पाव काम, अर्ध्या मुदतीत अर्धे, पाऊण मुदतीत पाऊण काम झालेच पाहिजे. न झाल्यास अंदाजित खर्चाच्या दर दिवशी एक टक्का वा त्याहून कमी, परंतु एकूण दहा टक्क्यांपर्यंत भरपाई कंत्राटदाराने द्यावी. शाळेतील त्रैराशिकाइतके हे सोपे आहे. मात्र ‘त्याहून कमी’ म्हणजे किती, हे अधीक्षक अभियंत्याने ठरवावयाचे. मुदतवाढ देणारे खातेही तेच, आणि मोजमाप पुस्तिकेत नोंदी करून चालू देयके मंजूर करणारे खातेही तेच. परीक्षक, पर्यवेक्षक आणि निकाल लावणारा एकच असेल, तर नापास कोण होणार?

कंत्राटदाराची बाजूही अगदीच पोकळ नसते. बुडितातील गावे उठलेली नसताना भिंतीचे काम पुढे रेटून काय साधणार? भूसंपादनामुळे काम सुरू होण्यास विलंब झाला तर कंत्राटदाराला नुकसानभरपाई मागता येणार नाही, असे हा नमुना बजावतो. शासनाने स्वतःला असे सुरक्षित करून घेतले खरे; पण मुदतवाढीबरोबर भाववाढीचे कलम लागू होते आणि जे दाराने नाकारले ते खिडकीतून दिले जाते. विलंबाची झळ ना कंत्राटदाराला, ना सही करणाऱ्या अधिकाऱ्याला. ती सोसतो खारपाणपट्ट्यातील शेतकरी. विहिरीचे खारे पाणी पिकाला मानवत नाही म्हणून तो पूर्णेच्या पाण्याची वाट पाहत राहतो, आणि त्याच्याच शेजारचे बुडितातले गाव नव्या गावठाणाची.

म्हणून जमिनीचा ताबा किती टक्के मिळाला याचा दाखला जोडल्याशिवाय निविदाच निघू नये. दिलेली प्रत्येक मुदतवाढ, तिचे कारण आणि माफ केलेल्या भरपाईची रक्कम तहसील कचेरीच्या फलकावर लागावी. यासाठी नवा कायदा नको. खात्याचे एक परिपत्रक पुरेल.