ओळखीची खूण आणि विस्मरणाचे मोल : 'ब्रिडा' या कादंबरीच्या निमित्ताने

पुनर्जन्म आणि कादंबरी यांचे नाते मराठी वाचकाला नव्याने सांगावे लागत नाही. या वाङ्मयप्रकारासाठी मराठीने, आणि शेजारच्या कन्नडनेही, जो शब्द स्वीकारला तो मुळात सातव्या शतकातील एका गद्यकाव्याच्या नायिकेचे नाव आहे. आणि ते गद्यकाव्य जन्मांतरीच्या प्रेमाचे आहे. हिंदीने 'उपन्यास' म्हटले, गुजरातीने 'नवलकथा' म्हटले, मराठीने बाणभट्टाची कादंबरी उचलली. तेव्हा पुनर्जन्मावर आणि जन्मोजन्मीच्या जोडीदारावर उभारलेली एखादी परभाषिक कादंबरी समोर आली, तर तिची पारख करण्याची साधने मराठी समीक्षेपाशी आहेत. प्रत्यक्षात मात्र अशा कृतींविषयी दोनच तऱ्हेचे अभिप्राय ऐकू येतात. पाश्चात्त्यांनाही अखेर आपला सिद्धान्त मान्य करावा लागला, हा एक समाधानाचा. आणि हे सारे थोतांड असल्याने त्याची वाङ्मयीन चर्चा कशाला, हा दुसरा तुच्छतेचा. दोन्ही अभिप्राय पुस्तक न वाचताही देता येतात.

ब्राझीलचे लेखक पाउलो कोएलो यांची 'ब्रिडा' ही कादंबरी पोर्तुगीजमध्ये १९९० साली प्रसिद्ध झाली. मार्गारेट जुल कोस्टा यांचा इंग्रजी अनुवाद त्यानंतर अठरा वर्षांनी, २००८ मध्ये आला. मधल्या काळात 'द अल्केमिस्ट' (१९८८) जगभर पोचली होती, मराठीतही आली होती. आधीच्या कृतीच्या पुण्याईवर पुढची कृती वाचली जाणे यात गैर काही नाही. परंतु 'ब्रिडा' वाचून होणारी निराशा निव्वळ अपेक्षाभंगाची नाही. एका मोठ्या आशयसूत्राला हात घालून त्यातले अवघड ते सारे बाजूला ठेवल्याची ही निराशा आहे, म्हणून ती तपासून पाहण्याजोगी ठरते.

कथानक साधे आहे. १९८३-८४ या वर्षातील आयर्लंड. एकवीस वर्षांची ब्रिडा जादूविद्या शिकण्याच्या ओढीने अरण्यात राहणाऱ्या एका सिद्धपुरुषाकडे, मेगसकडे जाते. पहिल्याच भेटीत तो जाणतो की ही आपली जन्मोजन्मीची सहचरी आहे. पण तो ते बोलत नाही. पुढे डब्लिनमध्ये ती विक्का नावाच्या स्त्रीकडे दीक्षेच्या तयारीसाठी जाऊ लागते. (गेराल्ड गार्डनर यांनी १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये प्रसृत केलेल्या संप्रदायाचेच नाव लेखकाने पात्राला देऊन टाकले आहे. असल्या बाबतीत तो फारसा चोखंदळ नाही.) ब्रिडाचा लोरेन्स नावाचा प्रियकर आहे, तो भौतिकशास्त्राच्या जगात वावरणारा आहे. मेगस की लोरेन्स, असा तिढा अखेरीस उभा राहतो.

या कथानकाच्या पाठीशी जो सिद्धान्त आहे तो विक्काच्या तोंडून येतो. जगाची लोकसंख्या सतत वाढत असेल तर हे नवे आत्मे येतात कोठून, असा प्रश्न उपस्थित होतो आणि त्याला उत्तर मिळते की आत्मे विभागले जातात. एका आत्म्याचे दोन होतात, दोनांचे चार. विखुरलेले हे अंश एकमेकांना शोधत राहतात, आणि प्रत्येक जन्मात निदान एका अंशाची भेट होणे हे आपले कर्तव्य असते. भेटलेला अंश ओळखण्याची खूणही सांगितलेली आहे : त्याच्या डाव्या खांद्यावर तेजाचा बिंदू दिसतो. हे विवेचन वाचताना पुनर्जन्म ही श्रद्धा न राहता शिरगणतीतील एखादी अडचण झाली आहे, आणि लेखक ती भागाकाराने सोडवीत आहे, असे वाटत राहते.

वस्तुतः कोएलो ज्या देशातून लिहितात तेथे पुनर्जन्माची एक स्वतंत्र आणि गंभीर परंपरा आहे. फ्रान्समधील अलां कार्देक यांचा आत्मवादी ग्रंथ १८५७ साली आला. त्याच्या मायदेशापेक्षाही ब्राझीलमध्ये तो विचार अधिक खोल रुजला. या विचारात जन्मामागून जन्म येतो तो आत्म्याच्या शिक्षणासाठी, मागील चुकांची भरपाई करण्यासाठी. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, आत्म्याचा अर्धा भाग दुसरीकडे कोठे तरी असतो ही कल्पना कार्देकने स्पष्ट शब्दांत नाकारली आहे. एखादा आत्मा दुसऱ्याचा अर्धा असता तर वियोगात तो अपूर्ण ठरला असता, असा त्याचा युक्तिवाद आहे. अर्ध्या आत्म्याची कल्पना वेगळ्याच घराण्यातून येते. प्लेटोच्या 'सिंपोझियम'मध्ये ॲरिस्टोफेनिसच्या तोंडी ती येते, पण तेथे दुभंगतात ती शरीरे, आणि सांगणारा विनोदी नाटककार आहे हेही विसरता येत नाही. कोएलो यांनी दोन घराण्यांचे सूर एकत्र केले. ते जुळतात की नाही हे पाहिले नाही.

न जुळण्याचे सर्वांत ठळक उदाहरण ब्रिडाच्या पूर्वजन्माच्या दर्शनात आहे. ध्यानावस्थेत ती स्वतःला लोनी या नावाने पाहते. दक्षिण फ्रान्समधील काथार पंथीयांचा किल्ला, त्याला पडलेला वेढा, मरणोन्मुख योद्धा ताल्बो आणि त्याच्याजवळ असलेली लोनी. मोंसेग्यूरचा हा किल्ला १२४४च्या मार्चमध्ये पडला आणि श्रद्धा सोडण्यास नकार देणाऱ्या दोनशेहून अधिक काथारांना पायथ्याशी जिवंत जाळण्यात आले. प्रसंग दारुण आहे, आणि प्रेमकथेला भव्य पडदा मिळावा म्हणून तो निवडलेला आहे यात शंका नाही. परंतु ज्यांचा हा प्रसंग, त्यांची पुनर्जन्माविषयीची धारणा काय होती? काथारांच्या मते हे दृश्य जग दुष्ट तत्त्वाची निर्मिती. देह म्हणजे तुरुंग. एका देहातून दुसऱ्या देहात जावे लागणे ही शिक्षा. 'सांत्वन' अशा अर्थाच्या नावाचा एक संस्कार घेऊन त्यातून सुटायचे, यासाठी तर त्यांची सारी धडपड. संतती म्हणजे आणखी एका आत्म्याला देहात कोंडणे. अशा माणसांच्या चितेच्या उजेडात जन्मोजन्मी पुन्हा भेटण्याचा आनंदसोहळा लिहायचा, तर त्या विरोधाची जाणीव कादंबरीत कोठे तरी उमटायला हवी. ती उमटली असती तर 'ब्रिडा' वेगळीच कादंबरी झाली असती. पुन्हा भेट हवी की सुटका हवी, हा प्रश्न लोनीला पडू शकला असता. तो कादंबरीत पडत नाही.

भारतीय परंपरेलाही हा प्रश्न परका नाही. येथेही जन्ममरणाचा फेरा चुकावा हीच मूळ आकांक्षा. आणि म्हणूनच वारकरी संत मुक्ती नाकारून पुन्हा जन्म मागतात तेव्हा त्या मागण्याला वजन येते. गर्भवासाचे दुःख पुरते माहीत असलेल्यांनी केलेले ते मागणे आहे.

येथे बाणाकडे वळणे भाग आहे. 'कादंबरी'तही अद्भुताची कमतरता नाही. शाप आहेत, चंद्राचा अवतार आहे, कथा सांगणारा पोपट आहे. बुद्धिवादी वाचकाला 'ब्रिडा'तील तेजोबिंदूपेक्षा यातले काहीच अधिक विश्वसनीय वाटू नये. तरीही बाणाच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाने पूर्ण केलेल्या उत्तरभागातील एक प्रसंग पाहावा. महाश्वेता आपल्या मृत प्रियकराच्या, पुंडरीकाच्या स्मृतीला वाहून घेऊन अच्छोद सरोवराकाठी व्रतस्थ राहिली आहे. वैशंपायन नावाचा परका तरुण तेथे येतो. आपण का खेचले जात आहोत हे त्यालाही उमगत नाही, पण तो प्रेमयाचना करीत राहतो. निष्ठेला बाध येतो म्हणून संतापलेली महाश्वेता त्याला पक्षियोनीत जाण्याचा शाप देते. तो कोसळतो. वैशंपायन म्हणजेच पुन्हा जन्मलेला पुंडरीक होता, हे तिला नंतर कळते.

निष्ठेनेच निष्ठेच्या विषयाचा घात केला. हे घडू शकले, कारण तिच्यापाशी ओळखीची खूण नव्हती. वैशंपायनाच्या डाव्या खांद्यावर तेजाचा बिंदू असता तर महाश्वेतेला शाप देण्याचे कारण उरले नसते, आणि कथाही उरली नसती. पुनर्जन्माच्या कथेचे सारे सामर्थ्य विस्मरणात साठवलेले असते. मागचे आठवत नाही तरीही मागचे काम करीत राहते, या ताणातून पात्रांना कृती करावी लागते आणि चुका होतात. कालिदासाने तर याहून सूक्ष्म खेळ केला आहे. 'शाकुंतला'च्या पाचव्या अंकात हंसपदिकेचे गाणे ऐकून दुष्यंत अकारण व्याकुळ होतो, आणि या हुरहुरीचे मूळ मागल्या जन्मीच्या स्नेहात असावे, असे तो म्हणतो. प्रेक्षकाला मात्र ठाऊक असते की तो जे विसरला आहे ते याच जन्मातले आहे. पूर्वजन्माचा उल्लेख येथे एक भ्रम म्हणून येतो आणि तरीही हृदयाला भिडतो.

लोकप्रिय कृतींतही हे भान अगदीच हरवलेले नसते. हॅगार्डच्या 'शी' (१८८७) या कादंबरीतील आयेशा दोन हजार वर्षे प्रियकराच्या पुनर्जन्माची वाट पाहते. पण त्याला तिनेच मारलेले असते. बिमल रॉय यांच्या 'मधुमती'त (१९५८) पूर्वजन्माची आठवण येते ती एका अपराधाचा निवाडा सोबत घेऊन. ऋण फेडायचे राहिले म्हणून पुन्हा यावे लागले, ही समजूत त्या कथांचा कणा आहे. 'ब्रिडा'त कोणाचे कोणाकडे काही देणे राहिलेले नाही. लोनीचा जन्म ब्रिडाला एक ओळख पुरवतो आणि बाजूला होतो. तिच्या आजच्या वागण्यात त्याचा कोणताही माग सापडत नाही. तो भाग गाळला तरी डब्लिनमधील ब्रिडा आहे तशीच राहील. निवेदनाचे दोषही येथूनच उद्भवतात. पात्रांना परस्परांविषयी काही शोधून काढायचे नसल्याने संवाद प्रश्नोत्तरांच्या वळणावर जातात. शिष्येने विचारावे, गुरूने सुभाषित सांगावे. लोरेन्ससारख्या पात्राला शास्त्राचा संदर्भ देऊनही त्याच्या शंकांना धार येऊ दिलेली नाही. तो गूढवादाला दुजोरा देण्यापुरताच शास्त्रज्ञ आहे.

एक धागा मात्र खरा आहे, आणि तो नोंदविला नाही तर अन्याय होईल. मेगस ओळखतो आणि गप्प राहतो. बोलला असता तर ब्रिडा कदाचित त्याची झाली असती. पण पूर्वी आपल्या शक्तीचा प्रेमापायी गैरवापर केल्याचे शल्य त्याच्या मनात आहे. म्हणून तिने आपल्या वाटेने ओळखीपर्यंत यावे आणि मग तिला वाटेल ते करावे, एवढेच तो पत्करतो. तिला ओळख पटते, आणि तरीही ती लोरेन्सकडे परतते. या कादंबरीत ऋण, संयम आणि हानी यांचा स्पर्श जेथे होतो ती जागा हीच. लेखकाने कादंबरी मेगसच्या मनात शिरून लिहिली असती तर खुणेच्या खात्रीचे ओझे काय असते ते दाखविता आले असते. तो मेगसला सूर्योपासना आणि चंद्रोपासना यांतला भेद समजावून सांगण्याच्या कामी जुंपतो, आणि शेवटच्या निरोपातही त्याच्याकडून उपदेशच वदवून घेतो.

मराठी अनुवादकाच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा उरतो. इंग्रजीत ज्याला 'सोलमेट' म्हटले आहे त्याला मूळ पोर्तुगीजमध्ये 'दुसरा भाग' अशा अर्थाचा अगदी साधा शब्द आहे. इंग्रजीवरून मराठीत येताना 'आत्मसखा', 'जन्मोजन्मीचा सोबती' असे शब्द हाताशी येतात आणि त्यांच्याबरोबर वटपौर्णिमेच्या सात जन्मांचे सारे भावविश्व येते. (महाभारतातील सावित्री पुढील सात जन्मांविषयी काहीच मागत नाही; ती यमाशी याच जन्माबद्दल बोलते.) 'दुसरा भाग' या शब्दाला मराठीत जवळचा शब्द आहे 'अर्धांगी'. पण आपल्याकडचे हे अर्धे अंग जन्मतः हरवलेले नसते, ते शोधूनही काढावे लागत नाही. विवाहविधीने दोन परकी माणसे एकमेकांची अर्धी अंगे होतात, आणि पुढचा सारा संसार ते खरे करून दाखविण्यात जातो.