आईच्या डोक्यातली फाईल

रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या, लाईटबिलं हे सगळं आपल्या घरात एका पिशवीत जपून ठेवलेलं असतं. पण पोराच्या तब्येतीची माहिती कुठे असते? आईच्या डोक्यात! कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठलं होतं, फिट कधी आली होती, शेवटचं इंजेक्शन कधी दिलं, सगळं तिलाच पाठ.

आमच्या बचत गटात मी एकदा विचारलं, "तुम्ही माहेरी गेलात आणि मागे पोर आजारी पडलं, तर डॉक्टरांना हे कोण सांगणार?" एकजण म्हणाली, "ह्यांना तर मुलाची इयत्तासुद्धा मलाच विचारावी लागते!" सगळ्या हसल्या. पण मैत्रिणींनो, हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

लहान मुलांच्या औषधाचा डोस बहुतेक वेळा वजनावर ठरतो. तापाच्या पॅरासिटामॉलचंच बघा. थेंबांच्या बाटलीत बहुतेक वेळा १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं, तर पातळ औषधाच्या बाटलीत ५ मिलीमध्ये कधी १२०, तर कधी २५०. मग आजीने "अर्धा चमचा दिलाय" असं सांगून डॉक्टरांना काय कळणार? बाटलीच सोबत न्यावी आणि किती मिली, किती वाजता दिलं तेही सांगावं.

म्हणून एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा : नाव, जन्मतारीख, वजन आणि ते केलेली तारीख, न सोसणारी औषधं व पदार्थ, दमा, फिट किंवा सिकलसेलसारखा आजार, रोजच्या गोळ्या, झालेली ऑपरेशनं, नेहमीच्या डॉक्टरांचा फोन. सोबत लसीकरण कार्डाची झेरॉक्स लावा. पोर गंजक्या पत्र्यावर पडलं, तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं हे डॉक्टर विचारतातच. रक्तगटही लिहा, पण रक्त देण्याआधी दवाखान्यात तो पुन्हा तपासतातच. त्यामुळे नुसता रक्तगट माहीत आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

हा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. एक प्रत शेजारच्या काकूंकडे आणि एक शाळेच्या बाईंकडे द्या. मोबाईलमध्ये फोटो असू द्या, पण तुमचा मोबाईल तुमच्याबरोबर गावाला जातो, हे विसरू नका. कागदावर १०८ हा नंबरही लिहा. महाराष्ट्रात २०१४ पासून या नंबरवर मोफत रुग्णवाहिका मिळते. आणि मूल लहान असेल तर वजन दर दोन-तीन महिन्यांनी बदला.

काही घरांत सासूबाई म्हणतील, "असलं अभद्र कशाला लिहायचं?" त्यांना प्रेमाने सांगा, छत्री घेतली म्हणून पाऊस येत नाही, आला तर आपण भिजत नाही, एवढंच.

माझं मात्र एक ठाम मत आहे. हा कागद तुम्ही लिहूच नका. तुम्ही सांगा आणि मुलाच्या बाबांना लिहू द्या. "मुलांचं सगळं हीच बघते" हे कौतुक ऐकायला गोड वाटतं, पण रात्री दोन वाजता, तुम्ही घरात नसताना, ते लेकराच्या काय कामाचं? स्वतःच्या हाताने लिहिलेलं माणसाच्या लक्षात राहतं. येत्या रविवारी चहा झाला की त्यांच्या हातात पेन द्या.