साखर तोट्यात, का वहीत तोटा?

कारखान्याची वार्षिक सभा आली की एक वाक्य ठरलेलं असतं. "साखर तोट्यात आहे, जादा दर परवडत नाही." खरंही असेल. पण तोटा काढला कसा, हे विचारायला काय हरकत आहे?

मंडळी, आपण ज्वारी करतो. दाणा निघतो, कडबाही निघतो. नांगरट, पेरणी, खुरपणी दोन्हींची एकच. त्यातला खर्च दाण्यावर किती नि कडब्यावर किती, हे रानात दिसत नाही, वहीत ठरवावं लागतं.

उसाचं तसंच. एका टनातून साधारण १०० ते ११० किलो साखर, २८० ते ३०० किलो बगॅस, ४० ते ४५ किलो मोलॅसिस आणि ३० ते ४० किलो प्रेसमड निघतो. ऊस नि गाळपाचा खर्च सगळ्यांचा सामाईक. वजनावर वाटला तर सगळ्यात जास्त बोजा स्वस्त बगॅसवर पडेल. म्हणून उपपदार्थांची किंमत खर्चातून वजा करून उरलेला खर्च साखरेवर टाकतात.

गोम इथंच आहे. समजण्यापुरते आकडे घेऊ. टनाला खर्च ४३०० रुपये, साखर १०० किलो. सगळा खर्च साखरेवर टाकला तर किलोला ४३ रुपये. मोलॅसिस ४० किलो दहा रुपयांनी आणि उरलेलं बगॅस १०० किलो दोन रुपयांनी धरलं, तर ६०० रुपये वजा होऊन साखर पडते ३७ रुपयांना. बाजारभाव ३८ असेल तर एका वहीत पाच रुपये तोटा, दुसऱ्या वहीत रुपया नफा. ऊस तोच!

रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर आणि या तीन उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा शेतकऱ्याला द्यावा, असं सुचवलं. राज्याचा २०१३ चा ऊसदर कायदा त्याच वाटेचा. एफआरपीपेक्षा हा हिशोब जास्त निघाला, तर फरक आपला. पण मोलॅसिसपासूनचं इथेनॉल आणि बगॅसवरची वीज या वाट्यात धरत नाहीत. म्हणजे कारखान्याने स्वतःच्याच डिस्टिलरीला मोलॅसिस कमी दराने दाखवलं, की आपला वाटा तिथंच आटला. किलोला तीन रुपये कमी धरले तर टनामागे १२० रुपये, त्यातले ८४ आपले.

तेव्हा यंदा सभेत नुसतं "दर वाढवा" म्हणू नका. अहवाल उघडा नि विचारा: मोलॅसिस आणि बगॅस आपल्याच प्रकल्पांना काय दराने दिलं? त्या दिवसांत बाहेरचा दर काय होता? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.