कुत्र्याच्या वाटणीचा भात

सुजातेच्या खीरदानाची आठवण म्हणून वैशाख पौर्णिमेला आपण घरोघरी खीर करतो. उरलेली दारच्या कुत्र्यालाही वाढतो. माया खरी, पण खिरीतली किसमिस त्याचे मूत्रपिंड निकामी करू शकते आणि दूधही पुष्कळ कुत्र्यांना पचत नाही. भाजीतला कांदा-लसूण तर रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतो. तुमसर ही तांदळाची बाजारपेठ. इथे मूठभर भाताला काय तोटा? मीठ-तिखट न घालता तो मऊ शिजवा, त्यात उकडलेले अंडे कुस्करा, निववून द्या. कोंबडीची शिजलेली हाडे मात्र नकोत, ती फुटून आतड्यात रुततात. जवळच पाण्याचे भांडे भरून ठेवा. वैशाखाच्या उन्हात जेवणाआधी त्याला तेच हवे असते.